नव्वद नंबरचा नियम आणि जिन्यातली भिंत

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे आणि मला शिसारी आली आहे.

आत्मवृत्ताची सुरुवात गोड बोलून करायची असते, हे मला ठाऊक आहे. छत्री तशी करते, फळा करतो, बसस्टॉपवरचा मोडका बाकसुद्धा करतो. पण छत्रीवर पाऊस पडला, फळ्यावर खडू पडला, बाकावर फार तर कावळ्याने घाण केली. माझ्यावर काय पडलं ते ऐकलंत तर तुम्ही नाकाला रुमाल लावाल. म्हणून गोड बोलणं आज मला जमणार नाही.

मी कोण ते आधी सांगतो. मला हातपाय नाहीत, मी एका वाक्यात मावतो. चौकटीची वही घ्या. एका ओळीत मधोमध एकच घर काळं करा. मग पुढच्या ओळीतलं प्रत्येक घर भरताना मागच्या ओळीतल्या त्याच्या डाव्या आणि उजव्या अंगाच्या घरांकडे बघा. त्या दोघांपैकी एकच काळं असेल, तर हे घर काळं करायचं. दोन्ही काळी असतील किंवा दोन्ही पांढरी असतील, तर हे पांढरं ठेवायचं. बस्स, एवढाच मी. पण धीर धरून ओळीमागून ओळ भरत गेलात, की कागदावर एक मोठा त्रिकोण उभा राहतो. त्याच्या पोटात त्रिकोण, त्यांच्या पोटात आणखी छोटे त्रिकोण. ते कोणी आखलेले नसतात, नुसतं शेजाऱ्याकडे बघता बघता होतात.

आम्ही अशी दोनशे छप्पन्न भावंडं आहोत आणि शून्यापासून आम्हाला नंबर दिलेले आहेत. माझा नंबर नव्वद. शून्य नंबरचा भाऊ जे दिसेल ते पांढरं करून मोकळा होतो. दोनशे चार नंबरचा काल होता तसाच आज राहतो, त्याला कशाचंच काही नाही. आणि एक आहे दोनशे चोपन्न. त्याचं नाव काढायलाही मला नको वाटतं. आपण स्वतः किंवा आपल्या दोन शेजाऱ्यांपैकी कोणीही काळं असलं, की हा काळा. विचार नाही, निवड नाही. त्याचं चित्र म्हणजे नुसता पसरत जाणारा काळा पट्टा. त्याची गाठ पुढे पडणारच आहे.

कित्येक वर्षं मी वह्यांमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये राहिलो. तिथे स्वच्छ होतो. नऊ वर्षांपूर्वी नाशिकला इंदिरानगरमधल्या एका चार मजली सोसायटीत मला पहिल्यांदा अंग मिळालं.

झालं असं, की तळमजल्यावरून अकरा पायऱ्या चढल्या की जिना जिथे वळतो, तिथली भिंत ओलीने फुगली होती. तिथे टाइल्स लावायचं ठरलं. दुसऱ्या मजल्यावर प्रतिभा मॅडम राहतात. त्यांनी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर कोणाला शिकवायचं हा त्यांना प्रश्नच पडला होता. त्या माझं चित्र काढलेला चौकटीचा कागद घेऊन टाइल्सवाल्या मिस्त्रींकडे आल्या. मिस्त्रींचं नाव बहिरू, मूळचे निफाडकडचे. त्यांची बायको सरुबाई त्यांच्याच हाताखाली काम करायची. ती सिमेंट कालवायची आणि टाइल्स भिजवून हातात द्यायची.

बहिरू मिस्त्रींनी कागद बघितला आणि हसले. "मॅडम, ह्ये वरून चालू झालंय. भिंतीची टाइल खालून लावत्यात. खालचीच्या जिवावर वरची बसती. वरून लावाया गेलो तर डोक्यात पडंल."

 मॅडमनी कागद सरळ उलटा केला. "मग असं?"

"असं जमंल की."

मित्रांनो, सगळी पुस्तकं मला वरून खाली लोंबकळत दाखवतात. पायावर उभं मला बहिरू मिस्त्रींनीच केलं. जमिनीलगत मधोमध एक काळी टाइल आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा पांढऱ्या. एकतीस टाइल्सची रुंदी, सोळा ओळींची उंची. पाचव्या ओळीला मिस्त्रींनी कागद खिशात घातला. "कागद कशाला? खालच्या दोन बघितल्या की वरची कळती." सरुबाईला लिहिता-वाचता येत नाही, पण मला तिच्याइतकं पक्कं आजवर कोणी ओळखलं नाही. ती बादलीशेजारी बसून ओरडायची, "डावी काळी, उजवी पांढरी, काळी घ्या! दोन्ही पांढऱ्या, पांढरी घ्या!" सगळा जिना तिच्या आवाजाने भरून जायचा.

एकदा जेवणानंतर मिस्त्रींच्या डोळ्यांवर झापड होती. दहाव्या ओळीत पांढरीच्या जागी काळी बसली. सरुबाईच्या ध्यानात आलं तोवर आणखी दोन ओळी चढल्या होत्या. एकीच्या पायी वरच्या चार टाइल्स चुकलेल्या होत्या. कोणालाही कळलं नसतं. मॅडमनाही कळलं नसतं. पण सरुबाईने थापी पुढे केली आणि म्हणाली, "काढा." मिस्त्रींनी सिमेंट ओलं होतं तोवर सगळं उचकटलं आणि पुन्हा बसवलं.

भिंत झाली तेव्हा लोक पायऱ्यांवर उभे राहून फोटो काढत होते. पाहुण्यांना मुद्दाम जिन्याने वर नेत होते. कोणी मला गालिचा म्हणालं, कोणी पैठणीचा पदर म्हणालं. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू? बहिरू मिस्त्रींनी आयुष्यभर शेकडो मोऱ्या, संडास आणि ओटे केले. घरमालकाने दार लावलं की ते काम पुन्हा त्यांच्या नजरेला पडायचं नाही. ही एकच भिंत अशी होती, की जिच्याकडे बोट दाखवून ते म्हणू शकत होते, "ही माझी."

पाच वर्षांपूर्वी टाइल्स कापण्याच्या मशीनची धूळ त्यांच्या छातीत बसली. दम लागायला लागला. काम सुटलं. ते नाशिकरोडच्या खोलीत खिडकीशी बसून राहू लागले आणि सरुबाईने आमच्याच सोसायटीत जिने धुवायचं काम धरलं. तिने ते माझ्यासाठी धरलं होतं. रोज संध्याकाळी मिस्त्री विचारायचे, "भिंत कशी हाय?" सरुबाई सांगायची, "चकचकीत हाय." मला पुसताना ती हे मॅडमना सांगायची, म्हणून मला माहीत.

आता घाणेरडा भाग येतो. ज्यांना सोसत नसेल त्यांनी इथेच थांबावं.

पहिली पिचकारी पडली तीही पाच वर्षांपूर्वीच, माझ्या पहिल्या काळ्या टाइलच्या शेजारी. कोमट, चिकट, तांबडी. चुना, कात, तंबाखू आणि माणसाची लाळ. ती पांढऱ्या टाइलवरून हळूहळू ओघळली, मग खाली साचली, मग वाळून तिची खपली झाली. मी टाइल्समध्ये राहतो, मला अंग झटकता येत नाही. शी! 

थुंकणारा कसा थुंकतो ते तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. तो आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे बघतो. दोन्हीकडे कोणी नाही अशी खात्री झाली, की मान वाकवतो. माझंच शेजाऱ्याकडे बघणं उचललं होतं त्याने, आणि कशासाठी, तर यासाठी!

दुसऱ्या दिवशी त्या डागाशेजारी दुसरा डाग पडला. दुसऱ्याने विचार केला, घाण तर आहेच. तिसऱ्याने दोघांचे डाग पाहिले. सामान पोचवणारे, रंगारी, पाहुणे, वरच्या मजल्यावरचे शिकलेसवरलेले, कोणी मागे राहिलं नाही. शेजारी काळं तर आपणही काळं. तो आला होता, मित्रांनो, माझा दोनशे चोपन्न नंबरचा भाऊ, माझ्याच अंगावर बसून स्वतःचं चित्र काढत होता.

सरुबाई रोज पुसायची. सोडा, साबण, काथ्या, कधी नुसती नखं. टाइल स्वच्छ व्हायची. पण दोन टाइल्सच्या मध्ये पांढऱ्या सिमेंटचे सांधे असतात. टाइल थुंकी पीत नाही, सांधे पितात. सांधे आधी गुलाबी झाले, मग विटकरी. तरी संध्याकाळी घरी गेल्यावर उत्तर तेच, "चकचकीत हाय." एकदा माझ्यापाशी उभी राहून ती मॅडमना म्हणाली, "माणूस दिसभर खिडकीत बसून राह्यतं. त्याला काय सांगू, तुमच्या भितीवर लोकं थुकू राह्यले?"

मग सोसायटीचे सेक्रेटरी योगेशसाहेब यांनी तोडगा काढला. तुम्ही जिन्याजिन्यांत पाहिला असेल तोच. देवांची टाइल आणायची. देव असले की लोक थुंकत नाहीत म्हणे. माझ्या मधोमध पांढऱ्या टाइल्सचा मोठा त्रिकोण आहे. साहेब म्हणाले, "इथे एवढी जागा रिकामीच पडलीये." रिकामी! जिथे दोन्ही शेजारी सारखे निघाले तिथे मी पांढरा राहिलो, ती जागा हिशेबाने पांढरी होती. पण मला तोंड नाही. माझ्या चार पांढऱ्या टाइल्स छिन्नीने फोडल्या आणि तिथे देवांची एक मोठी टाइल बसवली. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला सप्तशृंगीची देवी.

देवांवर माझा राग नाही. माणसांना लाज वाटावी म्हणून देवांना जिन्यात पहाऱ्यावर उभं करतात, याची मला किळस आहे. आणि झालं काय? देवांवर कोणी थुंकलं नाही. देवांपासून हात-दीड हात अंतर ठेवून थुंकू लागले. वर उदबत्तीची काजळी धरली, खाली पिचकाऱ्या पडत राहिल्या.

त्याहून वाईट पुढेच होतं. तळमजल्यावरच्या आशाताई एका सकाळी सरुबाईला म्हणाल्या, "सरुबाई, भिंत पुसा, पण देवांना हात लावू नका हं. झाडूचा हात तो. मी पुसेन ते."

सरुबाईने फडका बादलीत पिळला. तांबडं पाणी गळलं. ती म्हणाली, "ताई, तुमच्या समद्यांची थुकी पुसतो तो हात चालतो. देवाला तेवढा नाय चालत व्हय?"

आशाताई "तसं नाही हो" म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्यांनी देव कधीच पुसले नाहीत. मी पाच वर्षं थुंकी सोसली, पण त्या सकाळइतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

या वर्षी दिवाळी झाल्यावर सोसायटीची मीटिंग भरली. माझ्यासमोरच्या जाळीतून खालचं पार्किंग दिसतं. प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. योगेशसाहेब म्हणाले, "ती जिन्यातली भिंत अगदी गलिच्छ झालीये. माझ्या पाहुण्यांसमोर मला लाज वाटली. जुन्यावरच नव्या मोठ्या टाइल्स चिकटवून टाकू. ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

एक हात वर झाला. त्याच्या शेजारच्याने डावीकडे पाहिलं आणि हात वर केला. त्याच्या शेजारणीने पाहिलं, तिचाही वर. ओळभर हात उठत गेले. पुन्हा तोच, माझा भाऊ! फक्त प्रतिभा मॅडमनी हात मांडीवर ठेवला होता. त्यांच्या दोन्ही बाजूंचे हात वर होते.

"टाइल्सचा काय दोष?" मॅडम म्हणाल्या. "थुंकणाऱ्याला कोणी विचारलंय का?"

योगेशसाहेबांनी हात मोजले. बहुमताने ठरलं, कारागीर उद्यापासून येणार. तेवढ्यात खांबाशी उभी असलेली सरुबाई पुढे आली. तिला सोसायटीत मत नाही, खुर्चीही नाही. ती म्हणाली, "साहेब, सोमवारपोतर थांबा. आयतवारी आमचे हे यायचेत भित बघाया. डॉक्टरनं आता कुठं हिंडाया सांगितलंय. पाच वरीस झाले, पाह्यली नाय त्यांनी."

योगेशसाहेब मोठ्या मनाने म्हणाले, "बरं बरं, सोमवारपासून करू."

शनिवारी सरुबाई दुपारभर माझ्यापुढे बसून होती. जुन्या ब्रशने एकेक सांधा घासत होती. थोड्या वेळाने मॅडम खाली आल्या, पदर खोचून शेजारी बसल्या आणि त्यांनीही ब्रश घेतला. लोक येत-जात होते. "अरे वा, स्वच्छता मोहीम!" म्हणून दोघा-तिघांनी फोटोही काढले. ब्रश कोणी मागितला नाही. अंधार पडेपर्यंत टाइल्स लख्ख झाल्या, पण सांधे तांबडे ते तांबडेच राहिले. सरुबाई त्या सांध्यांकडे बघत बसली. "आता काय सांगू त्यांना?" ती म्हणाली. 

रविवारी बहिरू मिस्त्री रिक्षाने आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. अकरा पायऱ्या चढायला त्यांनी चार वेळा विसावा घेतला. सरुबाई त्यांच्या डाव्या अंगाला होती. प्रतिभा मॅडम वरून येऊन उजव्या अंगाला उभ्या राहिल्या. मी माझ्या एक्याऐंशी काळ्या टाइल्सनिशी उभा होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

मिस्त्रींनी आधी खालची काळी टाइल पाहिली. मग ओळ ओळ करत नजर वर नेली. ओठ हलत होते. ते मला तपासत होते. दहाव्या ओळीशी ते बायकोकडे बघून हसले. मग देवांपाशी थांबले.

"मधल्या चार काढल्या."

"देव बसवले," सरुबाई म्हणाली.

"बरं." मग त्यांनी वाकून एका सांध्यावर बोट फिरवलं. "अन् ह्ये सांधे तांबडे कशानं झाले?"

सरुबाईने एक क्षण मॅडमकडे पाहिलं. "कुंकवानं. लोकं पूजा करत्यात ना रोज. कुंकू ओघळतं खाली."

मिस्त्रींनी ते बोट नाकाशी नेलं. मित्रांनो, आयुष्यभर कामावर तंबाखू मळणाऱ्यांच्यात राहिलेला माणूस तो. त्याला वास कळणार नाही?  मग त्यांनी ते बोट सदऱ्याला पुसलं आणि म्हणाले, "हां. कुंकूच हाय."

त्याच वेळी वरून पावलं वाजली. योगेशसाहेब खाली येत होते. गाल फुगलेला, तोंड गच्च मिटलेलं. वळणाशी आले आणि सवयीने त्यांनी डावीकडे पाहिलं. तिथे सरुबाई. उजवीकडे पाहिलं. तिथे मॅडम. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं की पहिली पिचकारी कोणाची, पण मला बोलता येत नाही.

बहिरू मिस्त्रींनी हात जोडले. "नमस्कार साहेब. मी बहिरू. ही भित मी केलती."

साहेबांनी मान डोलावली. "उं."

"कशी वाटती साहेब?"

"उंऽ."

"आसं नका. पाच वर्सांनी आलोय. तोंडानं सांगा."

तिघेही त्यांच्याकडे बघत उभे. साहेबांचा चेहरा लाल झाला. परत वर जावं तर कसं, खाली जावं तर वाटेत मिस्त्री. मग त्यांनी डोळे मिटले आणि गिळलं. सगळं गिळलं. मला तो घोट घशातून उतरताना दिसला. जन्मभर मी किळसवाणं पाहत आलो, पण एवढं किळसवाणं आणि एवढं समाधान देणारं काही पाहिलं नव्हतं.

"छान आहे," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते भिंतीला न टेकता कसेबसे पायऱ्या उतरून गेले.

बहिरू मिस्त्री साहेब गेले त्या दिशेला बघत होते. मग म्हणाले, "पाह्यलं का? सायबाच्या डोळ्यात पाणी आणलं माझ्या भितीनं." आणि हसायला लागले. इतके हसले की दम लागला, पायरीवर बसावं लागलं, तरी हसत होते. सरुबाई आधी घाबरली, मग तीही हसली. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

सोमवारी कारागीर आले. त्यांनी देवांची टाइल काढून योगेशसाहेबांच्या हाती दिली आणि माझ्यावर गम लावून मोठ्या गुळगुळीत टाइल्स चिकटवल्या. खालची काळी टाइल शेवटी झाकली गेली. बाहेरून आता माझं काही दिसत नाही. नवव्या दिवशी नव्या टाइल्सवर पहिला डाग पडला. तो कोणाचा हे मला या खेपेला कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनवणी करायची असते. माझी विनवणी लहान आहे. तुम्ही जे काही करता ते डावी-उजवीकडे बघून करता, मोठी माणसंही तेच करतात. बघा, जरूर बघा. पण शेजारी घाण करतो म्हणून तुम्ही करू नका, आणि शेजारी कोणी नाही म्हणून तर मुळीच करू नका. जिना रिकामा दिसला तरी तो पुसणारं कोणीतरी उद्या सकाळी यायचं असतं. तिच्या नवऱ्याला संध्याकाळी काहीतरी सांगायचं असतं.

सरुबाई अजूनही येते. नवी भिंत पुसताना खाली मधोमध, जिथे आत माझी पहिली काळी टाइल आहे, तिथे तिचा फडका थोडा जास्त वेळ रेंगाळतो. घरी मिस्त्री अजून विचारतात, "भिंत कशी हाय?" झाकल्याचं त्यांना तिने सांगितलेलं नाही. ती म्हणते, "चकचकीत हाय." इथे आत, दोन थरांच्या मध्ये, आता माझ्यावर कोणालाच थुंकता येत नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती खरं बोलते आहे.